कोरा चहाही नको: हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनबद्दल खुलासा

"दूध नाही ना टाकलं, मग कोरा चहा चालतो," हा सल्ला जळगाव-भुसावळकडे घरोघरी मिळतो. हृदयाचा रक्तपुरवठा पाहणाऱ्या न्यूक्लिअर स्कॅनआधी तो साफ चुकीचा आहे. प्रश्न दुधाचा नाहीच, कॅफिनचा आहे.

या स्कॅनसाठी हृदयाला ताण द्यावा लागतो. गुडघ्यांमुळे ज्यांना ट्रेडमिलवर चालवत नाही, त्यांना बऱ्याचदा त्याऐवजी ॲडेनोसिन हे औषध देतात. त्याने निरोगी धमन्या रुंदावतात. अरुंद झालेली तेवढी फुलत नाही. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याच्या इंजेक्शननंतर हाच फरक चित्रात दिसतो. कॅफिन मात्र ॲडेनोसिनची जागा आधीच अडवून बसतं. मग धमन्या पुरत्या फुलत नाहीत, फरक पुसट होतो आणि अडथळा असूनही चित्र चांगलं दिसू शकतं. मला धास्ती वाटते ती या खोट्या दिलाशाची.

आमच्या आबांनी पहाटे स्टेशनवर अर्धा कप घेतला होता. विचारल्यावर खरं सांगितलं, तारीख पुढे गेली. चिडले खूप, पण सांगितलं हे फार बरं केलं.

किमान १२ तास, शक्यतो २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. नेहमीची औषधं मात्र मनाने थांबवू नका. कोणती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.