४२.३४ मीटरवरचा आवाज

ऑगस्ट आला की १९४२ च्या 'चले जाव' चळवळीतल्या काँग्रेस रेडिओची, म्हणजे मुंबईतून चालणाऱ्या गुप्त रेडिओ केंद्राची, गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरू लागते, आणि तिच्यासोबत एक गैरसमजही. शॉर्टवेव्हचा आवाज आकाशावर आपटून येतो, म्हणून इंग्रजांना केंद्राचा माग काढताच येत नव्हता, असे अनेकजण ठामपणे सांगतात. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा खरा असता, तर २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांना ट्रान्समीटर घेऊन मुंबईभर बिऱ्हाडे बदलावी लागली नसती.

पहिले प्रसारण २७ ऑगस्ट १९४२ रोजी झाले. पुढारी तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर बंधने होती. चिमूर-आष्टीत काय घडले, हे लोकांना सांगायला दुसरी वाट नव्हती. 'हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवर' अशी त्यांची ओळख असे. प्रकाशाच्या वेगाला या तरंगलांबीने भागा, वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. या लहरी दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित भागातून, खाली वळतात. दिवसा त्याचा सर्वांत खालचा थर त्यांना बराच शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि आवाज दूरवर जातो.

पण त्याच एरियलमधून काही लहरी जमिनीलगतही पसरतात. त्या फार लांब पोचत नाहीत, मात्र शहरातल्या शहरात चांगल्या ऐकू येतात. घात होतो तो इथे.

माग काढण्याची रीत मला फार देखणी वाटते. एका उभ्या चौकटीवर तार गुंडाळायची. चौकटीची कड केंद्राकडे असेल तर लहर आधी एका उभ्या बाजूला पोचते, मग दुसऱ्या. एक मीटर रुंदीच्या चौकटीत हा फरक म्हणजे लहरीचा जेमतेम बेचाळिसावा भाग, पण तेवढ्यानेही तारेत थोडा विद्युतदाब उरतो आणि आवाज येतो. आता चौकट फिरवून तिचे तोंड केंद्राकडे करा. लहर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोचते, दोन्हींकडचे विद्युतदाब तारेच्या वेढ्यात एकमेकांविरुद्ध येतात आणि आवाज नाहीसा होतो. दिशा शोधायची ती या शांततेवरून! सर्वांत मोठ्या आवाजापासून चौकट १० अंश सरकवली तर तो दीड टक्काच घटतो, कानाला कळतही नाही. शांततेपासून १० अंश सरकवली, तर कमाल आवाजाच्या १७ टक्के एकदम परत येतो. कोज्या आणि ज्या (कोसाइन आणि साइन) शाळेत शिकताना त्यांचा हा उपयोग कुणी सांगितला असता, तर किती बरे झाले असते.

एका जागेवरून फक्त एक रेघ मिळते. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ काढली की दोन्ही जिथे छेदतात, तिथे केंद्र. दोन किलोमीटरवरून ३ अंशांची चूक झाली तर रेघ शंभरेक मीटर चुकते, आणि गिरगावात तेवढ्यात कितीतरी चाळी मावतात. म्हणून जवळ जाऊन पुन्हा मोजावे लागते, आणि मोजता येते ते प्रसारण चालू असेपर्यंतच. थोडा वेळ बोलायचे आणि जागा बदलायची, हे या भूमितीला दिलेले उत्तर होते.

घरातल्या 'लहरी' आणि 'ऊर्जा' मोजून देतो म्हणत पैसे घेणाऱ्यांना एवढेच विचारावे: तरंगलांबी किती, आणि चौकट फिरवल्यावर काय बदलते? खऱ्या लहरीला आकडा असतो आणि तो कुणालाही तपासता येतो.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस दारावर आले. जागा त्यांना अखेर सांगितली गटाबरोबर काम केलेल्या एका तंत्रज्ञाने. दार ठोठावले गेले तेव्हा 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड लागलेली होती. ती मध्येच थांबवायला उषा मेहतांनी नकार दिला.