शेततळ्यातले मासे आणि मामा तलावातले मासे

'मासे सोडल्यापासून आमच्या विहिरींना पाणी वाढलं.' हे वाक्य मी नाशिक-अहिल्यानगरकडे ऐकलंय आणि गोंदिया-भंडाऱ्याकडेही. दोन्हीकडचे लोक मनापासून बोलतात. पण नाशिककडे मासे असतात शेततळ्यात, गोंदियाकडे मामा तलावात. तलावाच्या बाबतीत ते एका अर्थाने खरं आहे, शेततळ्याच्या बाबतीत अजिबात नाही, आणि बातम्यांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे दोन्ही तळी एकाच 'जलसंधारणा'त जमा होतात.

शेततळं तुम्हाला माहीत आहे. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं सगळ्यात मोठं माप तीस बाय तीस बाय तीन मीटर, म्हणजे बाजू उतरत्या धरून साधारण 22 लाख लिटर पाणी. आत 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची, खाद्य टाकायचं, बाजारभाव बघून जाळं ओढायचं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भातली ही शेकडो वर्षांची तळी, बरीचशी कोहळी समाजाने बांधलेली. मातीची पाळ, धानाला पाणी सोडायला तुडूम म्हणजे पाळीतलं दार, मासेमारी ढीवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थेकडे. आकार, मालकी, माशांच्या जाती हे फरक कुणालाही दिसतात.

लोक अडकतात ते साठवणे आणि मुरवणे यांत.

एकदा एका डाळिंबवाल्याच्या शेततळ्याच्या बांधावर बसलो होतो. एप्रिल महिना, तळं काठोकाठ, कटला वर येऊन तोंड उघडत होता. ते म्हणाले, तळ्यामुळे भागात पाणी टिकलंय. तेवढ्यात आमच्या पायाशी कागदावर काळा पाइप धो धो ओतू लागला. पाणी त्यांच्याच विहिरीतून येत होतं. त्यांची यात काही लबाडी नव्हती. उन्हाळ्यात डोळ्यांसमोर पाणी दिसतं, बगळे उतरतात, वाऱ्याला गारवा असतो. माणसाला ते पाणी वाढल्यासारखंच वाटणार. पण कागद घालतात तोच पाणी खाली जाऊ नये म्हणून. त्या तळ्यातून जमिनीत जवळजवळ काहीच जात नाही. वर मात्र जातं: भरलेल्या 900 चौरस मीटर पाण्यावरून दिवसाला सात मिलिमीटर वाफ धरली, तरी सहा हजार लिटरच्या वर होते. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, हा हिशेब भूजलाच्या तोट्याचाच आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्याने तळं भरलं तर गोष्ट वेगळी. म्हणून मी आधी विचारतो, तळ्यात पाणी आलं कुठून?

मग शेततळ्यातल्या माशांचा पर्यावरणाला काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो चांगला आहे. एकाच पाण्यावर मासेही होतात आणि बागही. माशांच्या विष्ठेतलं नत्र पाण्याबरोबर झाडांना मिळतं, खताची गोणी थोडी कमी लागते. पाणी हिरवं असतं, त्यामुळे ठिबकचा फिल्टर वारंवार धुवावा लागतो, एवढंच. हा फायदा सांगा, अभिमानाने सांगा. पण त्याला जलसंधारण म्हणू नका. कागद घातलेलं शेततळं ही टाकी आहे आणि तिला टाकीच म्हणावं, या मताचा मी आहे.

मामा तलावाचा तळ मातीचा. पाणी मुरतं, पाळीखालच्या विहिरींना पाझर लागतो. किती, ते मातीवर आणि साचलेल्या गाळावर अवलंबून. पण तिथेही मासे पाणी वाढवत नाहीत. माशांमुळे तलावाला राखणदार मिळतो. धानाला शेवटचं पाणी हवं म्हणून शेतकरी तुडूम उघडायला येतो, तेव्हा 'थोडं पाणी राहू द्या' म्हणणारा ढीवर असतो. तळात राहिलेलं ते पाणी उन्हाळ्यात गुरांना, पाखरांना आणि विहिरींना पुरतं. ढीवर म्हणतात मासे आणि पाणी सोबत आले, ते या अर्थाने खरं आहे.

आणि मामा तलावात शेततळ्याची पद्धत आणली की नुकसान होतं. गवत्या मासा (ग्रास कार्प) तलावात सोडला की तो पाणवनस्पती फस्त करतो. मग मरळ, शिंगी, मागूर यांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागा उरत नाही. रोहू-कटल्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, कारण साठलेल्या पाण्यात ते प्रजनन करत नाहीत. गावठी मासे मात्र वनस्पती असतील तर फुकट वाढतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर बायकांनी तलावांतली बेशरम हे माजलेलं तण उपटलं, तळात हायड्रिलासारख्या वनस्पती लावल्या, आणि गावठी मासे परत आले. तिथे 'मासे आले म्हणून तलाव सुधारला' असं कुणी सांगू लागलं, तर मी त्याला थांबवतो. आधी वनस्पती आल्या, मग मासे.