‘हो, पण…’ येतं कुठून? मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पार्श्वभूमी

‘तंबाखू सोडा.’ ‘हो डॉक्टर, पण त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.’ ‘मग इसबगोल घ्या.’ ‘घेईन, पण रात्रपाळीला झोप आवरत नाही हो.’ ओपीडीत बसणाऱ्याला हा संवाद तोंडपाठ असतो. यातला ‘पण’ पेशंटच्या स्वभावातला की डॉक्टरांच्या बोलण्याने ओढवलेला? मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे बदलायचं कारण रुग्णाच्याच तोंडून वदवून घेणारी समुपदेशनाची पद्धत. तिचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

अमेरिकेतल्या व्यसनमुक्तीत एकेकाळी उत्तर ठरलेलं होतं: नाकबूल करणं हा दारुड्याच्या आजाराचाच भाग, तेव्हा त्याला फैलावर घ्या. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या सिनॅनॉन या संस्थेत तर अख्खा गट एकेकाला धारेवर धरायचा. या प्रकाराला नाव काय, तर ‘गेम’!

न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांना वेगळंच दिसत होतं. त्यांच्या १९८० च्या अभ्यासात, समुपदेशक जितका समजून घेऊन ऐकणारा, तितकं त्याच्या रुग्णांचं पिणं कमी झालेलं आढळलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या ऐकण्यावरच्या भराला मिळालेला हा आकड्यांचा दुजोराच.

खरी गंमत १९८२ ची. नॉर्वेत बर्गेनजवळच्या येलेस्टा क्लिनिकमध्ये मिलर तरुण मानसशास्त्रज्ञांना आपली पद्धत करून दाखवत. ती मंडळी त्यांना मध्येच थांबवायची: हाच प्रश्न का विचारलात? रुग्णाच्या बोलण्यातला नेमका हाच शब्द का उचललात? उत्तरं देताना मिलरना कळलं की आपण शिकवतो एक आणि करतो भलतंच. बदलाची बाजू ते स्वतः मांडतच नव्हते, रुग्णाकडून वदवून घेत होते. वरचा पेशंट ओघात म्हणाला, ‘लेकीसमोर मात्र खात नाही,’ तर तिथे कर्करोगाचं चित्र दाखवायचं नाही. ‘तिने बघू नये असं वाटतं तुम्हाला,’ एवढंच म्हणून थांबायचं. पुढचं तो बोलतो. ही सगळी टिपणं १९८३ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात लेख म्हणून छापून आली.

कार्डिफला काम करणारे, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक १९८९ मध्ये सिडनीत मिलरना भेटले. त्यांनीच सांगितलं की तुमची पद्धत ब्रिटनमध्ये लोक वापरताहेत. दोघांचं पुस्तक १९९१ मध्ये आलं. सोडावंसंही वाटतं आणि सोडवतही नाही, ही दुविधा त्यात आजाराची खूण राहिली नाही. ती साहजिक मानली गेली. १९९३ च्या एका प्रयोगात तर समुपदेशकाने जितकं फटकारलं, तितकं रुग्णाचं पिणं वर्षभराने जास्त निघालं.

दारूवरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या १९९७ च्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या अभ्यासात १,७२६ रुग्ण होते. या पद्धतीवर बेतलेल्या चार बैठका इतर उपचारांच्या बारा बैठकांच्या जवळपास तोडीस तोड ठरल्या. पुढे धूम्रपान, मधुमेह, एचआयव्हीच्या गोळ्या असा पसारा वाढत गेला.

आपल्या शेजारी गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने याच पद्धतीवर आधारलेलं समुपदेशन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आजमावलं. समुपदेशक साधी माणसं, मानसोपचाराची पदवी नसलेली. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवरचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, इतरांत २६ टक्के. ज्यांचं पिणं चालूच राहिलं, त्यांच्या रोजच्या मात्रेत मात्र फरक दिसला नाही.