देवाची भीती आणि देवावरचं प्रेम, ही जोडी आली कुठून

मराठीत एखाद्याचं कौतुक करायचं असलं की आपण म्हणतो, माणूस फार पापभीरू आहे हो, किंवा देवभीरू घराणं आहे, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. पण भीरू म्हणजे भित्रा! इतर कुठल्याही बाबतीत कुणाला भित्रा म्हणून बघा, भांडायला उठेल, देवाच्या बाबतीत मात्र ती पदवी आहे. आणि त्याच तोंडाने आपण "भाव तिथे देव" असंही म्हणतो. मग श्रद्धा नेमकी कशावर उभी आहे, भीतीवर की प्रेमावर, हा वाद दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे निघतोच, म्हणून म्हटलं याच्या मागे काय काय होऊन गेलंय ते एकदा लिहून काढावं.

सगळ्यात फेमस थिअरी म्हणजे आदिमानव विजेला घाबरला, पुराला घाबरला, मरणाला घाबरला आणि त्याने देव बनवला. ही आपल्याला आधुनिक वाटते पण आहे जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन कवी स्टेशियस, त्याच्या महाकाव्यात एक ओळच आहे की जगात पहिल्यांदा देव निर्माण केले ते भीतीने. गंमत म्हणजे ही ओळ ज्या पात्राच्या तोंडी आहे तो कॅपेनियस नावाचा उद्धट योद्धा पुढे देवाला आव्हान देतो आणि वीज पडूनच मरतो, म्हणजे कवीने दोन्ही बाजू सांभाळून घेतल्या म्हणायचं. त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी ल्युक्रेशियस हा दुसरा रोमन कवी हेच सांगत होता की निसर्ग कसा चालतो ते कळत नाही म्हणून लोक देवांना घाबरतात. आपल्याकडे धम्मपदात बुद्धाचं वचन आहे की भयाने ग्रासलेली माणसं डोंगर, वनं, झाडं, चैत्य यांना शरण जातात, आणि ते काही खरं शरणस्थान नाही. मग 1757 मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने यावर अख्खा निबंध लिहिला, त्याचं म्हणणं धर्म कुतूहलातून नाही तर आशा आणि भीतीतून निघाला, आणि त्यातही भीतीचा वाटा मोठा. 1927 साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल तर एका भाषणात सरळ म्हणाला की धर्माचा मुख्य पाया भीतीच आहे.

यावरून एक सोपी गोष्ट तयार झाली, की आधी भीती होती, मग माणूस सुधारला आणि हळूहळू प्रेमावर आला. मला स्वतःला बरीच वर्षं हे पटायचं. पण जुनं साहित्य उघडलं की हा क्रम टिकत नाही, दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकाच पानावर बसलेल्या सापडतात.

ऋग्वेदातला वरुण घ्या. सगळं बघणारा, पाश टाकून पाप्याला बांधणारा, म्हणजे भीतीदायकच. सातव्या मंडलात वसिष्ठ त्याला विचारतो, माझा असा कोणता मोठा अपराध झाला की तुझी स्तुती करणाऱ्या मित्रालाच तू मारायला निघालास? मित्राला, हा शब्द महत्त्वाचा आहे. आणि दोनच सूक्तं पुढे तोच वसिष्ठ आठवण काढतो की आपण दोघं एका नावेत बसून समुद्रात गेलो होतो, कुठे गेली आपली ती मैत्री? हे घाबरलेल्या गुलामाचं बोलणं वाटतं का? रुसलेल्या दोस्ताचं वाटतं. पण भीती पण खरीच आहे, खोटी नाही.

रुद्राचं तर अजून भारी आहे. आमच्यातल्या मोठ्याला मारू नकोस, लहानाला मारू नकोस अशा विनवण्या त्याला केलेल्या आहेत आणि यजुर्वेदातल्या शतरुद्रीयाची सुरुवातच "नमस्ते रुद्र मन्यवे" अशी, म्हणजे पहिला नमस्कार रुद्राच्या रागाला, मग बाणाला, धनुष्याला. आणि लगेच पुढे विनंती की तुझं जे शिव, अघोर असं रूप आहे त्याने आमच्याकडे बघ. शिव हे तिथे अजून विशेषण आहे, मंगल, कल्याणकारी अशा अर्थाचं. पुढे तेच नाव झालं आणि रुद्राचा भोळा सांब झाला. ज्याची सगळ्यात जास्त धास्ती त्यालाच इतक्या लाडाने हाक मारायची, यात घाबरून केलेली खुशामत किती आणि माया किती हे आज वेगळं काढणं मला तरी अशक्य वाटतं.

उपनिषदांत या सगळ्याला अजून एक वळण येतं. तैत्तिरीय म्हणतं याच्या भीतीने वारा वाहतो, याच्या भीतीने सूर्य उगवतो, आणि त्याच वल्लीत, म्हणजे प्रकरणात, म्हणतं की ब्रह्माचा आनंद ज्याला कळला तो कशालाच भीत नाही. बृहदारण्यकात तर सुरुवातीला एकटा असलेला आत्माच घाबरतो! मग विचार करतो की माझ्याशिवाय दुसरं कुणी नाहीच तर घाबरू कुणाला, आणि भीती जाते. द्वितीयाद्वै भयं भवति, दुसरा असला तर भय. लॉजिक पक्कं आहे पण यात एक अडचण झाली, दुसराच नसेल तर प्रेम तरी कुणावर करायचं? पुढे द्वैती भक्तांनी अद्वैतवाल्यांशी जो शतकानुशतकं वाद घातला त्यात हा मुद्दा होताच.

गीतेचा अकरावा अध्याय मला या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक सीन वाटतो. अर्जुन हट्टाने विश्वरूप बघायला मागतो, दिसल्यावर थरथर कापतो, आणि माफी कशाची मागतो? तर तुला मी अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा म्हणत आलो, खेळताना, झोपताना, जेवताना तुझी चेष्टा केली, ते पोटात घाल, बाप मुलाचं घालतो तसं, मित्र मित्राचं घालतो तसं. म्हणजे प्रेम आधीपासून होतं आणि भीती नंतर आली, थिअरीच्या बरोबर उलटा क्रम. आणि शेवटी तो म्हणतो मला परत नेहमीचं रूप दाखव. खरा देव दिसला तेव्हा त्याला दोस्तच परत हवा होता. (जनाबाई पुढे विठ्ठलाला सरळ विठ्या म्हणून शिव्या घालते, ती बहुतेक अर्जुनाला हसली असती.)

पश्चिमेकडे ज्यूंच्या धर्मग्रंथात हीच जोडी एका वाक्यात आहे. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात विचारलंय, परमेश्वर तुझ्याकडे काय मागतो? त्याचं भय धर, त्याच्या मार्गाने चाल, त्याच्यावर प्रेम कर. यातला भयासाठीचा हिब्रू शब्द यिरा, त्यात धाकही आला आणि आदराने दबून जाणंही आलं. ख्रिस्ती लोकांत मात्र बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्राने बॉम्बच टाकला, पूर्ण प्रेम भीतीला हाकलून देतं, जो भितो तो प्रेमात पूर्ण झालेला नाही. आता झाली पंचाईत, कारण त्याच बायबलातल्या स्तोत्रांत तर लिहिलंय परमेश्वराचं भय शुद्ध आहे आणि सर्वकाळ टिकतं! पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हे कोडं सोडवलं आणि त्याचं उदाहरण आजही चपखल बसतं. दोन बायका आहेत, दोघीही नवऱ्याला भितात, एक भिते की नवरा परत येईल आणि पकडली जाईन, दुसरी भिते की नवरा सोडून जाईल. पहिलीची भीती प्रेमाने निघून जाते, दुसरीची प्रेमातूनच येते.

इथे मला खरी किल्ली सापडल्यासारखी वाटते. भीती कुठे गेलीच नाही, तिचं कारण बदललं. आधी देव मारेल ही भीती, मग पाप लागेल ही, मग तो दुरावेल ही. विरहाची जेवढी म्हणून भक्तिगीतं आहेत ती सगळी या तिसऱ्या भीतीची आहेत.

इस्लाममध्ये कुराणाच्या 114 पैकी 113 सूरा, म्हणजे अध्याय, अल्लाहच्या दयाळूपणाच्या नावाने सुरू होतात आणि आत नरकाची वर्णनं पण अंगावर काटा आणणारी आहेत. सुरुवातीच्या विरक्त लोकांत भीतीचा जोर होता, बसऱ्याचा हसन त्यासाठी प्रसिद्ध. आणि त्याच बसऱ्यात आठव्या शतकात राबिया ही सूफी संत झाली. तिची गोष्ट सांगतात की ती एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन धावत निघाली, लोकांनी विचारलं कुठे, तर म्हणाली स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक देवाला देवासाठी भजतील. तिने एकट्या नरकावर पाणी नाही टाकलं, स्वर्गालाही आग लावली हे बघा! भीती आणि लालूच तिच्या हिशोबात सारखेच. पुढे अकराव्या-बाराव्या शतकातल्या गझाली या इस्लामी धर्मपंडिताने भय आणि आशा दोन्ही ठेवून त्यावर प्रेमाची पायरी बसवली, सर्वसामान्यांना झेपेल असा मार्ग.

सर्वसामान्य म्हटलं की संस्था आली आणि संस्थेला भीती फार सोयीची पडते. युरोपात 1347 ते 1351 च्या प्लेगमध्ये देवाचा कोप झाला म्हणून स्वतःला चाबकाने फोडत फिरणाऱ्यांच्या टोळ्या निघाल्या, शेवटी 1349 मध्ये पोपलाच त्यांच्यावर बंदी घालावी लागली. 1505 मध्ये मार्टिन ल्यूथर, पुढे प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा, वादळात वीज जवळ पडली म्हणून नवस बोलून संन्यासी झाला, म्हणजे ह्यूमच्या थिअरीचा चालता बोलता पुरावा, आणि नंतर त्यानेच लिहिलं की शिक्षा करणाऱ्या देवाचा मला राग यायचा. पण 1529 च्या त्याच्या छोट्या धर्मप्रश्नोत्तरीत आज्ञांचं स्पष्टीकरण कसं सुरू होतं? आपण देवाला भ्यावं आणि त्याच्यावर प्रेम करावं. परत जोडी!

1741 च्या जुलैमध्ये अमेरिकेत एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने प्रवचन दिलं, त्यात पापी माणूस म्हणजे देवाने आगीवर धरलेला कोळी किडा. लोक इतके रडले ओरडले की त्याला मधेच थांबावं लागलं. त्याच माणसाने थोडी वर्षं आधी स्वर्ग म्हणजे प्रेमाचं जग अशा विषयावर प्रवचन दिलेलं, ते कुणाच्या लक्षात नाही.

भागवतवाल्यांनी मात्र कमाल केली, त्यांनी भीतीलाच भक्तीत जमा केलं. गोपी प्रेमाने पोचल्या तर कंस भयाने पोचला, कारण बसता उठता जेवता झोपता त्याला कृष्णच दिसत होता. एकाग्रता बघितली तर कंसाला मार्क द्यावेच लागतात.

विसाव्या शतकात 1917 साली रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मअभ्यासकाने मांडलं की पवित्र अनुभव मुळात दुहेरीच असतो, थरकाप उडवणारा आणि खेचून घेणारा. आणि आता मानसशास्त्रवाले आकडे काढून बसलेत. 2012 च्या एका अभ्यासात 67 देशांची माहिती तपासली तर जिथे नरक मानणारे जास्त तिथे गुन्हे कमी, आणि फक्त स्वर्ग मानणारे जास्त तिथे उलटं. अर्थात हा नुसता संबंध आहे, कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते यातून सिद्ध होत नाही. त्यातल्याच एका संशोधकाने दोन वर्षांनी दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पुढचा प्रश्न घेतला, की नरक मानणारे सुखी किती असतात, आणि आलं असं की ते कमी सुखी असतात.