शेततळ्यावरची हिरवी साय आणि अल्ट्रासाउंड यंत्र: घेण्याआधी हे वाचा

उन्हाळा लागला, शेततळ्यावर हिरवी साय धरली आणि ठिबकचे फिल्टर चोक होऊ लागले, की आमच्याकडे अल्ट्रासाउंड यंत्राची, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून शेवाळ हटवण्यासाठीच्या यंत्राची, चौकशी सुरू होते. ही यंत्रे आम्ही विकतो. म्हणूनच ती काय करतात आणि काय करत नाहीत, हे आधी सांगणे आमचे काम आहे.

पाण्यावर रंग सांडल्यासारखी दिसणारी साय बहुधा सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे नील-हरित शेवाळाची असते. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात. त्यांच्या जोरावर त्या उन्हाकडे वर तरंगतात. दाब पडला की या नळ्या चपट्या होतात. क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1895 मध्ये अशा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या बुचावर हातोडा मारला आणि तरंगणारे शेवाळ खाली बसले. 20,000 हर्ट्‌झच्या वरचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी पुरेसा तीव्र असेल तर तोही हेच करतो.

पण बुडालेली पेशी मेलेली नसते. नव्या नळ्या तयार झाल्या की ती पुन्हा वर येते. तळे उथळ असेल तर तळाशीही ऊन पोहोचते, मग बुडूनही तिचे फारसे बिघडत नाही. ध्वनी फारच तीव्र केला तर पेशी फुटतात आणि मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष पाण्यात उतरते. ते उकळूनही जात नाही. भरलेल्या सायीवर शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकल्यावरही हाच धोका असतो.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातली कमी शक्तीची यंत्रे तपासून 2014 मध्ये निष्कर्ष मांडले: शेवाळ आटोक्यात आले नाही, उलट शेवाळ खाणारे डॅफ्निया हे बारीक जलचर मेले. म्हणून तळे पाहिल्याशिवाय आम्ही यंत्र देत नाही.

आपण घरी एवढे करा. पारदर्शक बाटलीत तळ्याचे पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर आला तर बहुधा नील-हरित शेवाळ आहे. तो तळाला बसला किंवा तळ्यातले शेवाळ काठीला धाग्यांसारखे लोंबले, तर ते बहुधा दुसऱ्या जातीचे. त्यासाठी यंत्रावर पैसे घालू नका.

खताचे आणि गोठ्याचे पाणी तळ्यात येत असेल तर ते आधी वळवा. त्यातल्या फॉस्फरसवर ही साय पोसते, आणि फॉस्फरस कोणतेही ध्वनियंत्र काढू शकत नाही. साय असेपर्यंत हे पाणी जनावरांना पाजू नका.

चौकशी करताना बाटलीचा फोटो आणि तळ्याची खोली कळवा. दर त्यानंतरच सांगू.