नवीन गाडीला लाईट-हॉर्न लावून घेण्याआधी

दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतलेली दुचाकी महिना-दीड महिन्यात गॅरेजला येते तेव्हा तक्रार बहुतेक ठरलेली असते. "मिस्त्री, सेल मारत नाही." "हॉर्न दाबला की मीटर विझतं." "रात्री चांगली लावली, सकाळी बॅटरी डाऊन." आम्ही विचारतो, गाडीला बाहेरून काही लावलंय का? उत्तर येतं, "काहीच नाही ओ." मग टाकी उतरवतो आणि टाकीखाली काळ्या टेपचा गोळा सापडतो.

त्या गोळ्यापायी ग्राहकाचा दिवस जातो आणि आमचाही. म्हणून हा कागद छापला आहे. गाडीच्या पुस्तकासोबत डिक्कीत ठेवा.

जोड कसा दगा देतो

दुकानात जादा लाईट वीस मिनिटांत बसतात. किल्लीची किंवा हेडलाईटची वायर ब्लेडने सोलायची, नवी वायर तिच्याभोवती पिळायची, वरून टेप. त्या दिवशी लाईट झकास लागतात. दुकानदारालाही त्या पैशात तेवढंच काम परवडतं. अडचण पुढे येते.

कंपनीने प्रत्येक वायर तिच्या कामापुरत्या जाडीची दिलेली असते. साधा हिशोब असा : वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट, बाराने भागले की नऊ अँपिअरच्या वर. कारचे जोडीचे मोठे हॉर्न लावले तरी भार साधारण तेवढाच पडतो. गाडीच्या मूळ हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात. तिप्पट भार त्याच बारीक वायरीतून आणि त्याच हँडलच्या बटणातून ओढला की बटणाचे पॉइंट जळतात, वायर गरम होते, फ्यूज उडतो. फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी त्या जागी मोठा फ्यूज किंवा सरळ तार बसवतो. वायर वितळली तर शेजारच्या चार वायरींनाही घेऊन जाते, आणि तशी गाडी आमच्याकडे टेम्पोतून येते.

त्यात आपलं सोलापूर. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. होटगी रोडला भर दुपारी उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीला हात लावून बघा. टाकीखाली इंजिनाचीही धग असते. टेपचा चिकटपणा पाघळतो, टेप सरकते, पिळलेला जोड सैल होतो. जूनच्या पहिल्या पावसात तिथं पाणी शिरलं की तांब्याला हिरवा गंज चढतो. गंजलेल्या जोडातून करंट नीट जात नाही, जोड आणखी तापतो आणि पुढे व्होल्टेज कमी पोचतं. 2020 च्या एप्रिलनंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांपैकी बहुतेकींत पेट्रोल सोडण्याचं काम कॉम्प्युटर करतो. त्याला कमी-जास्त व्होल्टेज मिळालं की गाडी मिसिंग मारते, चेक लाईट लागते आणि ग्राहकाला वाटतं इंजिन गेलं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे हँडलची मान. तिथली वायर प्रत्येक वळणाला वाकते. दर गुरुवारी अक्कलकोटला जाणाऱ्या एका ग्राहकाची गाडी गाव सोडलं की व्यवस्थित चालायची, आणि पार्किंगमध्ये हँडल पूर्ण डावीकडे घेतलं की बंद पडायची. सरळ केलं की पुन्हा सुरू. आमच्या स्टँडवर गाडी दिवसभर चालली, काहीच दोष दाखवला नाही. शेवटी हँडल फिरवत एकेक वायर हाताने चाचपली. मोबाईल चार्जरसाठी मानेपाशी सोललेल्या एका वायरीचे दोन-तीनच तंतू शिल्लक होते. शोधायला चार तास लागले, दुरुस्तीला दहा मिनिटं. बिल बघून ते नाराज झाले, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही झालो असतो. पण ते चार तास आमच्या माणसाने दुसऱ्या कुठल्याही गाडीला हात लावला नव्हता. वायरिंगच्या कामाला आम्ही शोधण्याची मजुरी वेगळी का लावतो, त्याचं उत्तर हेच आहे. "चार्जर लावलाय, मानेजवळून घेतलाय" एवढं सकाळीच सांगितलं असतं तर त्यांची गाडी अर्ध्या तासात मिळाली असती.

मग लावायचं कसं

जादा लाईट लावूच नका, असं आमचं म्हणणं नाही. पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा या बाजूला रात्री गाडी चालवणाऱ्याला उजेड लागतोच. ऊस सुरू झाला की मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली अंधारात अचानक समोर येते.

पण आधी आहे तो हेडलाईट सरळ करा. निम्म्या ग्राहकांचं काम तिथंच होतं. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा आणि तुम्ही नेहमी जसे बसता तसे बसा. डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे. मागे माणूस बसला की गाडी मागून दबते, पुढून उचलते आणि उजेड झाडांवर जातो. रोज दोघे बसत असाल तर मागचा शॉकअप एक खाच कडक करून घ्या. हे काम आम्ही पाच मिनिटांत करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. हॅलोजनच्या काचेत बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. त्याचा उजेड पसरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर कमी पडतो.

तेवढ्याने भागलं नाही तर दोन छोटे एलईडी पुरतात. वीस-वीस वॅटचे दोन म्हणजे सव्वातीन अँपिअर. 100-125 सीसीच्या गाडीला याच्यावर भार नको. 2017 पासूनच्या गाड्यांत हेडलाईट दिवसाही चालूच असतो, त्यामुळे मॅग्नेट कॉइलकडे, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाकडे, शिल्लक मुळात कमी असते.

आमच्याकडे फिटिंग असं होतं. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी जाड वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रिलेतून लाईट. गाडीच्या मूळ वायरीवर फक्त रिलेला जागं करण्याचं काम राहतं. त्याला दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणजे मूळ वायरीला कळतही नाही. फ्यूज बॅटरीला खेटूनच पाहिजे. तो लाईटजवळ लावला आणि मधली वायर चेसीला घासली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. मूळ वायर आम्ही कापत नाही, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) कपलर बसवतो. उद्या लाईट काढायचे झाले तर गाडी शोरूममधून आली तशी परत होते, आणि वॉरंटीच्या वेळी "वायरिंग कापलेलं आहे" असं म्हणायला शोरूमला जागा राहत नाही. बाहेरच्या दरापेक्षा आमची मजुरी जास्त पडते हे खरं आहे. त्यात रिले, फ्यूज, नळी आणि दीड तास आहे.

चार्जर आणि जीपीएस यांचं वेगळं सांगायला हवं, कारण ते बहुतेक ठिकाणी थेट बॅटरीवर लावतात. किल्ली काढली तरी ते करंट खातच राहतात. समजा 50 मिलिअँपिअर खाल्ले, तर चोवीस तासांत 1.2 अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी असते 4 अँपिअर-तासांची. तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की संपली. गावाला जाऊन आल्यावर सेल मारत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं. बॅटरी बदलायला येऊ नका, आधी तपासायला या. बंद गाडीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीवर पावणेचौदा ते साडेचौदा मिळत असतील तर बॅटरी आणि चार्जिंग बहुधा ठीक आहे. चांगली बॅटरी बदलून पैसे घेतले असं आम्हाला नको.

बाकीचे बदल

लेगगार्ड, सीट कव्हर, मोबाईल होल्डर खुशाल लावा. सायलेन्सर बदलून द्या म्हणून बरीच मुलं येतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो. बीएस-6 गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि धूर साफ करणारा भाग असतो. तो काढला की आवाज वाढतो, पण ॲव्हरेज आणि ओढ दोन्ही बिघडतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वेगवेगळ्या सुरांचे हॉर्नही चालत नाहीत. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, हे काम आम्ही करणार नाही.

चालवताना

पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत गाडी एकाच वेगात ताणू नका, आणि वरच्या गिअरमध्ये गुरगुरतही ठेवू नका. घेतल्या घेतल्या तुळजापूरला दर्शनाला न्या, गाडी काही बिघडत नाही. मधे थांबा, वेग कमी-जास्त करत राहा.

ब्रेक दोन्ही एकत्र धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. "पुढचा धरला की पडतो" हे घरोघरी सांगितलं जातं, पण ब्रेक लागताना वजन पुढे येतं आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. पडतो तो वाळूवर किंवा वळणात एकदम दाबल्यामुळे. हळूहळू वाढवत दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय) असेल तर ब्रेक दाबून धरा, सोड-धर करू नका. लिव्हर थरथरली म्हणजे एबीएस काम करतोय.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवतात. हे उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त मुरडतो आणि म्हणूनच जास्त तापतो. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, त्यावर एकट्याचे आणि दोघांचे आकडे वेगळे दिलेले असतात. सकाळी, टायर थंड असताना तेवढी हवा भरा.

ऑईल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. घरात कारचं ऑईल उरलंय म्हणून ते बाईकमध्ये घालू नका. बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑईलने तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 (बाईकच्या ऑईलचा दर्जा, JASO MA / MA2) लिहिलेलं बघून घ्या. चेनला दर पाचशे किलोमीटरला स्प्रे, आणि धूळ-चिखलातून आलात तर त्याआधी. वॉशिंगला प्रेशरचा पाईप मीटर, बटणं आणि सीटखाली मारू देऊ नका.

गाडी आणताना

वायरिंगचं काम असेल तर सकाळी दहाच्या आत या. दिवसाउजेडी काम नीट होतं, आणि दोष लपणारा असेल तर दुपारच्या उन्हात गाडी तापल्यावर तो बहुधा सापडतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही वायरिंग उघडत नाही. घाईत बंद केलेला जोड सोमवारी पुन्हा आमच्याकडेच येतो.

लाईट, हॉर्न, चार्जर, अलार्म, जीपीएस, जे काही लावलं असेल ते सांगा. कुठून लावलं हे आम्ही विचारणार नाही, कुठल्या वायरीवरून घेतलं एवढंच विचारू. ते माहीत नसेल तर लावून घेताना मोबाईलवर काढलेला एखादा फोटो दाखवा. अजून लावून घ्यायचं असेल तर टाकी बसवण्याआधी एक फोटो काढून ठेवा.