सीलचं कडं आणि अडकवलेलं टोपण: फरक कुठे बघायचा

परभणीच्या बसस्टँडवर घेतलेली पाण्याची लिटरची बाटली असो की मंगल कार्यालयात वाटलेली 200 मिलीची, टोपण पिरगाळलं की कटकट आवाज होतो, टोपण हातात येतं आणि खालचं बारीक कडं बाटलीच्या गळ्यात राहतं. हे कडं म्हणजे सील. युरोपातल्या बाटल्यांवर कडं असंच असतं, पण उघडल्यावरही टोपण एका पट्टीने त्याला लटकून राहतं. लातूर-नांदेडहून तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्याला वाटतं, सील अर्धंच तुटलं. मग तो हिसका देतो, आणि पाणी अंगावर सांडतं.

दोन्हींची कामं वेगळी आहेत. सील हे बाटली आधी कुणी उघडली होती का ते सांगतं. पट्टी फक्त टोपण हरवू देत नाही, पाणी शुद्ध आहे की नाही याच्याशी तिचा काहीच संबंध नाही.

सील कसं काम करतं ते बघा. टोपण आणि कडं एकाच प्लॅस्टिकचे असतात. दोघांच्या मध्ये गोल चीर असते आणि त्या चिरेत थोड्या थोड्या अंतरावर बारीक टाके सोडलेले असतात. कड्याच्या आतल्या बाजूला दुमडलेले कंगोरे असतात, ते बाटलीच्या गळ्यावरच्या उंचवट्याखाली अडकतात. टोपण फिरवलं की आट्यांमुळे ते वर चढतं, कडं मात्र तिथेच अडतं. टाके ताणले जातात आणि तुटतात, कटकट आवाज त्यांचाच. अडकवलेल्या, म्हणजे पट्टीने लटकणाऱ्या टोपणात हेच सगळं असतं, फक्त एका बाजूला चीर पूर्ण मारलेली नसते. तिथे एक रुंद किंवा दोन अरुंद पट्ट्या शाबूत राहतात.

खरी गफलत इथेच होते. आपल्याला सवय असते ती कडं टोपणाला चिकटलेलं आहे ना, एवढंच बघायची. अडकवलेल्या टोपणाला ही परीक्षा चालत नाही, कारण उघडून झाल्यावरही पट्टीच्या बाजूने ते चिकटलेलंच दिसणार. पट्टीच्या समोरची बाजू बघा, तुटलेले टाके तिथे दिसतील. आणि खरं सांगायचं तर साध्या टोपणालाही ती सवय पुरेशी नाही. उघडलेलं टोपण पुन्हा गच्च बसवलं आणि कडं बोटाने वर सरकवलं, तर लांबून चीर मिटल्यासारखी वाटते.

म्हणून बाटली डोळ्यासमोर धरून एक पूर्ण फेरी फिरवा. चीर सगळीकडे सारखी बारीक हवी आणि टाके अखंड हवेत. कडं वेडंवाकडं झालेलं, ताणून पांढरट पडलेलं किंवा गळ्यावर सैल खेळत असेल तर बाटली परत करा. मग बाटली उलटी धरून हलकेच दाबा, एक थेंबही यायला नको. उघडताना सुरुवातीला जोर लागला पाहिजे आणि आवाज आला पाहिजे. टोपण मुकाट फिरलं, किंवा कडं न तुटता टोपणाबरोबर अख्खं निघून आलं, तर ते पाणी पिऊ नका.

आता अडकवलेलं टोपण वापरायचं कसं. आटे पूर्ण सुटेपर्यंत फिरवा, अर्ध्यातच उचकटू नका. मग वर उचलून मागे वाकवा. बऱ्याच टोपणांना मागे अडकायची खाच असते, टक् असा आवाज आला की ते तिथे थांबतं. तरीही नाकाला किंवा गालाला लागत असेल तर कडं गळ्यावर फिरवून टोपण बाजूला घ्या, कडं सहज फिरतं. ग्लासात ओतताना टोपण धारेच्या खाली आलं तर पाणी त्याच्यावर आपटून बाटलीवरून ओघळतं, त्यामुळे तेव्हाही ते बाजूलाच हवं.

बंद करताना जास्त बिघडतं. पट्टी एका बाजूने ओढत असते, त्यामुळे टोपण तिरकं बसतं, आटे चुकीचे धरतात आणि दप्तरात बाटली गळते. टोपण आधी सपाट टेकवा, थोडं उलटं फिरवा, आटे जागेवर पडल्याचं बोटाला जाणवलं की सुलटं फिरवून घट्ट करा. पट्टी हिसकून तोडली तर टोकदार कुसळं उरतात आणि ओठाला लागतात. नकोच असेल तर कात्रीने दोन्ही टोकांशी साफ कापा. संधिवाताने बोटं दुखणाऱ्या माणसाला असं टोपण खरोखरच त्रासाचं होतं, त्याच्यासाठी कापून देणंच बरं.

हा खटाटोप कायद्यामुळे आहे. युरोपीय संघाने 2019 मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर निर्देश काढला. त्यानुसार 3 जुलै 2024 पासून 3 लिटरपर्यंतच्या पेयाच्या प्लॅस्टिक बाटल्यांची टोपणं बाटलीला जोडलेलीच असावी लागतात. प्लॅस्टिकचं टोपण असलेल्या काचेच्या आणि धातूच्या बाटल्यांना सूट आहे. समुद्रकिनाऱ्यांवर सुटी टोपणं फार सापडत, म्हणून हा नियम आला.

आपल्याकडे टोपण सुटं असतं, तेव्हा ते गटारात जाऊ न देणं आपल्याच हातात. बाटली रिकामी करून चेपा, हवा काढा आणि टोपण परत लावून भंगारात द्या. बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि टोपण वेगळ्या प्लॅस्टिकचं, पण त्याची काळजी नको. कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकले की पेट बुडतं आणि टोपणाचे व कड्याचे तुकडे तरंगतात. भंगारवाल्याने टोपणं वेगळी मागितली, तर एका पिशवीत साठवून द्या.